कुटुंबोपचार आणि बुडालेली मजुरी

व्यसन हा साऱ्या घराचा आजार आहे, हे वाक्य आता व्यसनमुक्ती केंद्रांच्या भिंतींवर आणि मंत्र्यांच्या भाषणांतही आढळते. वाक्य खरे आहे. दारू सोडून घरी परतलेल्या माणसाला तोच संशय, तीच थकलेली उधारी आणि बापाच्या जागी कर्ता होऊन बसलेला सोळा वर्षांचा मुलगा भेटला, तर इस्पितळातील उपचार फार काळ टिकत नाही. म्हणून पत्नी, आई, मुले यांनाही समुपदेशकासमोर बसवावे. घरातील बोलणे आणि अबोला, पैशाचे व्यवहार, लपवाछपवी यांची नव्याने घडी बसवावी, ही कुटुंबोपचाराची भूमिका आहे. तिला मध्यमवर्गीय थेर म्हणून झिडकारणारे काही साथी अजूनही भेटतात. व्यवस्था बदलली की गुत्ते आपोआप ओस पडतील, असा त्यांचा हिशेब असतो. तोवर कामगारांच्या घरांतील भांडी गहाण पडत राहतात, त्याचा हिशेब कोणी मांडायचा?

परंतु खरा वाद या साथींशी नाही, शासनाशी आहे. केंद्राच्या कागदावर जे 'कुटुंब' असते, ते प्रत्यक्षात बहुधा एकटी बायको असते. सोलापूरची विडी कामगार हजारावर मजुरी मिळवते. आठवड्यातून एक दिवस समुपदेशनाला गेली की त्या दिवसाच्या विड्या वळल्या जात नाहीत आणि वर बसभाडे पडते. ती तिसऱ्या आठवड्यात आली नाही, की 'कुटुंबाचे सहकार्य नाही' असा शेरा तयार!

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे स्टँटन आणि टॉड यांनी हेरॉइनच्या आहारी गेलेल्या माजी सैनिकांच्या कुटुंबांवर केलेला प्रयोग १९८२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात उपचाराला येणाऱ्या काही कुटुंबांना हजेरीचे पैसे दिले होते. दुसऱ्या एका गटाला पैसे देऊन नुसते चित्रपट दाखवले होते. चित्रपट पाहणाऱ्या गटापेक्षा उपचार घेणाऱ्या कुटुंबांतील रुग्ण अधिक दिवस व्यसनापासून दूर राहिले. गुण उपचाराचा होता, हे उघड आहे. पण गरीब माणसाच्या वेळेला मोल असते, एवढे त्या भांडवलशाही देशातील संशोधकांनाही कळले होते.

येथे काय चित्र आहे? केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. उलट जून २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा महसुलाचा अंदाज सांगितला गेला. संविधानाचे ४७ वे कलम मद्यबंदीचा प्रयत्न करण्यास सांगते, ते असो. दारूचा महसूल तिजोरीत जमा होतो आणि निस्तरण्याचे श्रम बायकोच्या खाती, तेही बिनमजुरीचे. अर्थशास्त्रात याला अनुदान म्हणतात. फरक इतकाच, की येथे ते मोलकरीण सरकारला देते.

आणखी एक गोष्ट बजावणे आवश्यक आहे. घरात मारहाण चालू असताना नवरा-बायकोला एका सतरंजीवर बसवून 'दोघांचेही थोडे चुकते' असे सांगणे हा उपचार नव्हे. अशा स्त्रीशी आधी एकटीने बोलले पाहिजे आणि २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा तिला समजावून सांगितला पाहिजे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात पत्नींसाठी 'सहचरी' हा स्वतंत्र गट चालवला गेला. तसे गट सरकारी रुग्णालयांत का नसावेत?

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कुटुंबोपचार जाणणारे समुपदेशक हवेत. उपचाराला येणाऱ्या कुटुंबीयाला त्या दिवसाची किमान वेतनाइतकी भरपाई आणि प्रवासखर्च हवा. आणि हा खर्च मद्याच्या महसुलातूनच भागवला पाहिजे. कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत बोनस आणि महागाई भत्त्याच्या शेजारी हे कलम अद्याप का आलेले नाही, याचे उत्तर संघटनांच्या पुढाऱ्यांनी सभासदांच्या बायकांसमोर उभे राहून द्यावे.