सेवेची उमेदवारी

पावसाळा उंबरठ्यावर आला की परभणी जिल्ह्यातील कित्येक गावांत कृषी महाविद्यालयांच्या अखेरच्या वर्षाची मुलेमुली मुक्कामाला येतात. गाव त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या या नावांनी ओळखते. मारुतीच्या देवळासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढून त्यात विहिरी, ओढे, गायरान आणि वस्त्या दाखवणे, शेतात खड्डे घेऊन मातीचे नमुने जमवणे, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक करणे, निंबोळीचा अर्क काढणे, आणि हे सारे करीत असता ज्या शेतकऱ्याकडे आपली नेमणूक झाली आहे त्याच्या दिनक्रमात आपला दिनक्रम मिसळून टाकणे, असे या उमेदवारीचे स्वरूप आहे. दप्तरी तिची नोंद ग्रामीण कार्यानुभव अशी होते आणि गुणपत्रिकेवर गुण उमटले की बहुतेकांच्या लेखी हा अध्याय समाप्त होतो. तो तेथे समाप्त होऊ नये. परदेशी जाऊन पर्यावरणाची सेवा करू इच्छिणाऱ्या स्वयंसेवकाचे शिक्षण येथूनच सुरू व्हावे, अशी माझी दरखास्त आहे.

ज्या राष्ट्रांनी असे स्वयंसेवक परमुलखात धाडण्याचा परिपाठ घातला, त्यांनी पूर्वतयारीला सेवेइतकेच महत्त्व दिले. अमेरिकेचे पीस कोअर १९६१ साली आणि जपानचे सागरपार सहकार्य स्वयंसेवक दल १९६५ साली स्थापन झाले. पीस कोअरमध्ये निवड झालेला तरुण आरंभी निव्वळ प्रशिक्षणार्थी असतो. सुमारे तीन महिने तो त्या देशातील एखाद्या कुटुंबात राहतो, त्यांच्या ताटातले जेवतो, तेथील भाषेचे पाठ घेतो, ज्या कामासाठी आपण आलो त्याचे प्रात्यक्षिक गिरवतो, आणि मग शपथ घेतल्यावरच दोन वर्षांच्या सेवेवर रुजू होतो. या तीन महिन्यांत, विद्यापीठाची पदवी गाठीशी असलेल्या प्रौढ मनुष्याला प्यायला पाणी मागण्यापुरतीही शब्दसंपत्ती नसते, चार वर्षांचे पोर त्याचे उच्चार सुधारते, आणि आपले सारे ज्ञान कंठाशी येऊन थबकते. ही अवस्था क्लेशकारक खरी. परंतु ज्याने ती भोगली नाही त्याच्या हाती दुसऱ्यांच्या रानावनांचा कारभार देऊ नये, असे मला प्रांजळपणे वाटते.

आपण मराठी माणसांनी या तयारीचा एक लोभसवाणा नमुना पाहिलेला आहे. पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदी आलेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर यांनी १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कोअरमध्ये नाव नोंदवले. शिकागोला त्यांना मराठीचे धडे देण्यात आले आणि मग त्या मुंबईनजीक विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत परिचारिका म्हणून राबल्या. ज्या वयात आपल्याकडे नातवंडांना मांडीवर घेऊन बसावे त्या वयात मराठीची बाराखडी घोटणाऱ्या त्या वृद्धेविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे.

आणि आपल्या मुलखात तरी ही परंपरा कोठे परकी आहे? आज हिंगोली जिल्ह्यात मोडणारे नरसी हे गाव १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचेच होते. तेथे जन्मले असे परंपरा ज्यांच्याविषयी सांगते ते संत नामदेव पंजाबात घुमान येथे जाऊन राहिले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. परक्या भूमीतल्या लोकांनी आपल्या धर्मग्रंथात ज्याला स्थान द्यावे, तो त्यांच्यात किती मिसळला असेल! सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकासमवेत चीनला गेले, तेथील भाषा शिकले, आणि १९४२ च्या डिसेंबरात अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्याच भूमीत त्यांचा देह पडला.

आता प्रश्न असा की परभणीच्या मुलांनी जगाला नेमके काय द्यावे. याचे उत्तर मातीत आहे. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पहिल्या दमदार पावसात पायाला लोण्यासारखी चिकटणारी ही काळी माती आपल्याच वाट्याला आली आहे असा आपला समज असतो. वस्तुतः सुदानात दोन नाईल नद्यांच्या बेचक्यातील गेझिराचा कापूसप्रदेश आणि इथिओपियाची पठारे याच जातीच्या मातीची आहेत. इथिओपियातही साचलेल्या पाण्याने पिके पिवळी पडतात, आणि तेथेही शेतकरी वाफसा येण्याची वाट पाहत आभाळाकडे डोळे लावून बसतो. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली, मराठवाडा दुष्काळात होरपळत असताना स्थापन झाले. त्याच वर्षी हैदराबादेनजीक पाटणचेरू येथे कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था उभी राहिली. तिने काळ्या मातीसाठी सिद्ध केलेली रुंद सरी-वरंब्याची पद्धत पुढे इथिओपियात गेली आणि तेथील बैलांच्या नांगरांची जोडी आडव्या दांडीने सांधून वरंबे पाडण्याचे साधे अवजार तयार झाले. आज परभणीचा सोयाबीन पेरणारा शेतकरी ‘बीबीएफ’ म्हणून जी पद्धत ओळखतो ती हीच. एकाच विद्येची ही दोन घरे. त्यांच्यात माणसांची ये-जा मात्र नाही.

परंतु विद्या जाते ती माणसाच्या पायांनी आणि मुरते ती त्याच्या कानांनी. जिंतूर तालुक्यातील एका गावी मी पाहिलेला प्रसंग सांगतो. एका कृषिकन्येने बांधावर झाडे लावण्याचे महत्त्व मोठ्या तळमळीने सांगितले. मंडळींनी माना डोलावल्या आणि रोपे मात्र कोणीच नेली नाहीत. तिसऱ्या दिवशी, जिच्या घरी ती उतरली होती त्या म्हातारीने चुलीपुढे बसून तिला सांगितले, “पोरी, बांधावर झाड आलं की पाखरू आलं, अन् पाखरू आलं की जोंधळा गेला.” मुलगी त्या रात्री बराच वेळ जागी होती. दुसऱ्या दिवशी तिने व्याख्यान दिले नाही. घरोघर जाऊन एवढेच विचारले की तुम्हाला कोठे आणि कोणते झाड चालेल. उत्तरे भराभर आली: गायरानाला बाभूळ, ओढ्याच्या काठी करंज, घरामागे कडुनिंब आणि शेवगा. वनाच्छादन अत्यल्प असलेल्या आपल्या जिल्ह्यात वृक्षारोपणाचे समारंभ उदंड होतात. या मुलीने त्या एका सकाळी जे साधले ते त्यांतील किती समारंभांना साधले असेल? परमुलखात कामी येणारा गुण हाच, आणि तो तिला चुलीपुढे मिळाला.

येथे कोणी म्हणेल, आधीच घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे. आमच्याच गावांत पाणी नाही, शेतकरी जिवाला मुकतो आहे, आणि तुम्ही पोरे आफ्रिकेत धाडायला निघालात! हा आक्षेप मी हलका मानीत नाही. तो दुःखातून आलेला आहे. तथापि दोन वर्षे दुसऱ्याच्या दुष्काळात राहून आलेला तरुण स्वतःच्या दुष्काळाकडे नव्या दृष्टीने पाहतो, आणि आज शहराच्या वाटेला लागलेली जी मुले गावाला पारखी होतात त्यांच्यापेक्षा अशी सेवा करून परतलेला मनुष्य गावाच्या अधिक उपयोगी पडेल, अशी माझी धारणा आहे.

म्हणून कार्यानुभवानंतर इच्छुकांना आणखी सहा महिने जिल्ह्यातच उमेदवारी करू द्यावी: तीन महिने जिंतूरच्या डोंगराळ भागात, तीन महिने गोदाकाठी गंगाखेड वा पाथरीच्या बाजूस. या काळात अम्हारिक, अरबी वा स्वाहिली यांपैकी एक भाषा शिकवावी, निर्वाहापुरता तनखा द्यावा, आणि उमेदवार परदेशी जाण्यास योग्य आहे की नाही हे ठरवताना ज्या गावांत तो राहिला त्यांच्या ग्रामसभांचा अभिप्राय प्राध्यापकांच्या गुणांइतकाच वजनदार मानावा. खर्चाची तरतूद राज्याच्या अंदाजपत्रकात जड वाटावी इतकी नाही. विद्यापीठाच्या विद्वत परिषदेने ही दरखास्त विचारात घ्यावी, लोकप्रतिनिधींनी तिचा पाठपुरावा करावा, आणि आपली मुलगी अशा उमेदवारीस जाऊ म्हणेल त्या दिवशी आईबापांनी तिला अडवू नये, एवढी माझी हात जोडून विनंती आहे.