विश्लेषण : जंतू रक्तात की सुईच्या वाटेवर? ‘ब्लड कल्चर’चा अहवाल का फसवतो?

रुग्ण तापाने फणफणलेला, डॉक्टरांना सेप्सिसची शंका. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा निरोप येतो, ‘रक्तात जंतू आढळले’. लगेच जादा अँटिबायोटिक सुरू होते. पण ते जंतू रक्तातले नसून त्वचेवरचे असतील तर?

ही चाचणी काय आहे?
शिरेतून काढलेले रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत भरून साधारण पाच दिवस उबेत ठेवतात. रक्तात जंतू असतील तर ते वाढतात. मात्र त्वचेवरचा एखादा जंतू सुईबरोबर आत गेला, तर तोही तितक्याच जोमाने वाढतो. यालाच ‘दूषित नमुना’ म्हणतात.

प्रमाण किती चालते?
अमेरिकेतील ‘सीएलएसआय’ या मानक संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते ३ टक्क्यांच्या आत हवे आणि उद्दिष्ट १ टक्क्याचे असावे. ३ टक्के म्हणजे हजार नमुन्यांमागे ३० दिशाभूल करणारे अहवाल.

नुकसान काय?
व्हँकोमायसिनसारखे औषध विनाकारण दिले जाते. त्याचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. मुक्काम वाढतो, बिल वाढते आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंना बळ मिळते.

माहिती असूनही चूक का होते?
त्वचा जंतुनाशकाने पुसायची हे बहुतेक परिचारिकांना ठाऊक असते. चूक होते ती पुढच्या पायऱ्यांवर. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोल लावल्यावर ते वाळू द्यायला हवे. घाईत तेवढे थांबले जात नाही. पुसलेल्या जागी शीर चाचपायला पुन्हा बोट लागते. बाटलीचे टोपण काढले की खालचे रबर निर्जंतुक आहे असा समज असतो. प्रत्यक्षात तेही अल्कोहोलने पुसावे लागते. आधीच लावलेल्या सलाईनच्या सुईतून रक्त घेणे हा आणखी एक सोपा, पण धोक्याचा मार्ग. एका परिचारिकेवर अनेक खाटांचा भार असेल, तर नुसत्या प्रशिक्षणाने हे सुटत नाही.

२०२४ मध्ये काय घडले?
बीडी कंपनीच्या ‘बॅक्टेक’ बाटल्यांचा तुटवडा पडला. जुलैमध्ये अमेरिकेच्या एफडीए आणि सीडीसी यांनी रुग्णालयांना सावध केले : अनावश्यक चाचण्या टाळा, पुरेसे रक्त घ्या, नमुना दूषित होऊ देऊ नका. एक नमुना वाया जाणे म्हणजे दुसऱ्या रुग्णाची बाटली जाणे, हे तेव्हा ठळकपणे दिसले.

उपाय काय?
सगळे साहित्य एकत्र असलेला संच, रक्त घेण्यासाठी प्रशिक्षित पथक, सुरुवातीचे थोडे रक्त बाजूला काढणे आणि प्रत्येक वॉर्डला दरमहा त्याचे प्रमाण कळवणे, हे उपाय उपयोगी ठरले आहेत. शक्यतो दोन वेगळ्या जागांहून नमुने घ्यावेत. त्वचेवर नेहमी आढळणारा जंतू एकाच नमुन्यात वाढला, तर तो बाहेरचा असण्याची शक्यता अधिक.

म्हणून आपल्या माणसाचे रक्त दोनदा घेतले, तर चिडू नका. आणि जंतुनाशक वाळेपर्यंत कुणी अर्धा मिनिट थांबले, तर घाई करू नका.