कुस्कोच्या भिंती



पाठीवर पिशवी, गाठीला मोजके पैसे आणि विमानाऐवजी बसचे तिकीट, एवढ्या तयारीवर जगभरची तरुण मंडळी दरवर्षी दक्षिण अमेरिकेतील प्राचीन अवशेष पाहावयास निघतात. आपल्या घरचे कोणी त्या वाटेने जावो अथवा न जावो, ती वाट जे शिकवते ते आपल्याही उपयोगाचे आहे. म्हणून आज आपण मनाने पेरू देशाचा प्रवास करू.

आरंभ लिमा नगरीतून. येथील सांतो दोमिंगो मठात संत रोझा आणि संत मार्टिन दे पोरेस यांच्या अस्थी जतन केलेल्या आहेत. भाविकाने तेथे गुडघे टेकावेत आणि मग बस धरावी. इंका लोकांची राजधानी कुस्को येथून १,१०० किलोमीटरांहूनही दूर असून बसला २० तासांपेक्षा अधिक वेळ लागतो.

प्रथम उजव्या हाताला प्रशांत महासागर व डाव्या हाताला ओसाड वाळवंट, असा रस्ता दक्षिणेस जातो. पुढे नास्का लागते. सुमारे २,००० वर्षांपूर्वी तेथील लोकांनी जमिनीवरचे काळसर खडे बाजूला सारून माकड, कोळी, पाखरू अशी प्रचंड चित्रे आखली. पाऊस जवळजवळ नाहीच, म्हणून ती टिकली. मात्र विसाव्या शतकात महामार्ग बांधणाऱ्यांनी एका सरड्याच्या चित्रातूनच आडवा रस्ता काढला! जे वाऱ्याने पुसले नाही ते माणसाच्या घाईने चिरले.

नास्का सोडल्यावर बस पूर्वेस वळून अँडीज पर्वत चढू लागते. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. येथे रस्ताच ४,००० मीटरांवर जातो. हवा विरळ होते, डोके दुखते, चार पावले चालताच धाप लागते. तेथील लोक अशा वेळी कोकाच्या पानांचा चहा देतात. नव्या माणसाने पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी हेच शहाणपणाचे. विमानाने घटकाभरात उतरणाऱ्याला या भूमीचे श्रम कळत नाहीत. बसने जाणाऱ्याला ते अंगाने कळतात.

कुस्को ३,४०० मीटर उंचीवर वसले आहे. गावाच्या माथ्यावर साक्सायवामान नावाचे प्रचंड बांधकाम आहे. त्यातील काही शिळा १०० टनांहून जड आहेत. इंकांपाशी लोखंडी हत्यारे नव्हती, गाडीचे चाक नव्हते, चुनाही नव्हता. दगडाने दगड घडवून त्यांनी शिळा अशा बसविल्या की सांध्यात सुरीचे पाते शिरू नये. भिंती आतल्या अंगाला किंचित कललेल्या आणि दारे खाली रुंद, वर अरुंद ठेविली.

गावात त्यांचे सूर्यमंदिर होते, कोरीकांचा. त्याच्या भिंतींवर सोन्याचे पत्रे मढविलेले होते. इ. स. १५३२ मध्ये स्पॅनिश सेनापती पिझारो याने काहामार्का येथे राजा आतावाल्पा यास कपटाने पकडले. त्या वेळी हाती क्रूस घेऊन राजापुढे गेलेली व्यक्ती होती एक धर्मगुरू, विसेंते दे वाल्वेर्दे. राजाने सुटकेसाठी खोलीभर सोने दिले. त्यासाठी मंदिराचे पत्रेही उचकटले गेले. तरीही १५३३ साली, बाप्तिस्मा देऊन, राजाचा गळा आवळण्यात आला. पुढे त्या सूर्यमंदिराच्या भिंतींवरच सांतो दोमिंगो चर्च व मठ उभारण्यात आला.

१६५० साली भूकंप झाला आणि वरचे बांधकाम कोसळले. ते पुन्हा बांधले. २१ मे १९५० रोजी पुन्हा भूकंप झाला. पुन्हा तेच घडले. दोन्ही वेळा खालच्या इंका भिंती उभ्याच राहिल्या. आता त्या मुद्दाम उघड्या ठेविल्या आहेत.

ख्रिस्ती माणसाने त्यापुढे उभे राहून काय म्हणावे? ‘तो काळच तसा होता’ असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे, परंतु खरे नाही. त्याच काळी डोमिनिकन धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास या जुलमाविरुद्ध आयुष्यभर लिहीत व बोलत होते. १५३७ साली परमगुरुस्वामी पॉल तिसरे यांनी स्पष्ट जाहीर केले की, या लोकांचे स्वातंत्र्य व मालमत्ता कोणीही हिरावून घेऊ नये. सत्य सांगितले गेले होते. सोन्याच्या खणखणाटात ते ऐकले गेले नाही.

गोव्याच्या वाचकांना ही कथा परकी वाटणार नाही. सोळाव्या शतकात तेथेही देवळे पाडली गेली आणि कुठ्ठाळीचा मंगेश नदीपार प्रियोळास न्यावा लागला. जे देव घेऊन निघाले आणि जे मागे राहून ख्रिस्ती झाले, ते एकाच गावचे, पुष्कळदा एकाच घरचे. याची आठवण ठेवल्याने आपली श्रद्धा उणी होत नाही. शेजाऱ्याशी बोलताना आवाज मात्र नम्र होतो.

मग त्या देशात श्रद्धा टिकली कशी? लिमाचे आर्चबिशप संत तुरिबियस १५८१ साली तेथे आले. ते केचुआ भाषा शिकले, डोंगरदऱ्या तुडवीत खेडोपाडी फिरले आणि १६०६ साली अशाच एका फेरीत वारले. त्यांच्या धर्मसभेने केचुआ व आयमारा भाषांत सिद्ध केलेला धर्मशिक्षणाचा ग्रंथ १५८४ साली छापला गेला. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, त्यामागेही तीच बुद्धी होती: देव लोकांच्या भाषेत सांगावा.

आजही पवित्र सप्ताहाच्या सोमवारी कुस्कोत ‘भूकंपाचा प्रभू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, काळवंडलेल्या क्रूसमूर्तीची मिरवणूक निघते. १६५० च्या भूकंपात हीच मूर्ती बाहेर आणली होती. इंकांचे वंशज तिच्यावर रानातील लाल फुले उधळतात. त्यांनी जेत्याचा देव स्वीकारला नाही. आपल्यासारखाच घायाळ झालेला प्रभू त्यांनी ओळखला.

२०१५ साली बोलिव्हियात परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी या भूमिपुत्रांविरुद्ध झालेल्या अपराधांबद्दल क्षमा मागितली. आजचे परमगुरुस्वामी लिओ चौदावे यांनी तर पेरूमध्येच अनेक वर्षे मिशनरी व बिशप म्हणून सेवा केली आहे.

माता-पित्यांनो, आपल्या मुलांना जग पाहू द्या. परंतु निघताना एवढे सांगा: जुन्या भिंतीवर नाव कोरू नये, आठवण म्हणून दगड उचलू नये, आणि तो दगड कोणी घडविला व कोणी हिसकावला हे विचारल्यावाचून परतू नये. खडकावर बांधलेल्या घराचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. प्रीतीवाचून जे बांधले जाते, ते देवाच्या नावाने बांधले तरी वाळूवरच उभे असते.