गाई आणि वेळापत्रक
अमेरिकेत मांसासाठी पाळलेल्या गाई विस्तीर्ण कुरणांत चरतात. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, आणि माज टिकतो जेमतेम १२ ते १८ तास. शेकडो गाईंवर नजर ठेवणार कोण? म्हणून संप्रेरकाची सुई टोचून योनिमार्गात माज रोखणारे प्रोजेस्टेरॉनयुक्त साधन बसवतात. सात दिवसांनी ते काढून प्रोस्टाग्लँडिन देतात; त्याने बीजांडकोशातील पीतपिंड विरतो. पुढे ६० ते ६६ तासांनी बीजांड सुटावे म्हणून पुन्हा सुई, आणि सर्वांचे एकदम कृत्रिम रेतन! युक्ती नामी खरी. पण विद्यार्थीमित्रांनो, व्यालेली गाय खंगलेली असेल तर सुई काय करणार? माझ्या मते औषधाआधी चाऱ्याचा हिशेब मांडावा. आणि हो, प्रोस्टाग्लँडिन माणसाच्या कातडीतूनही शरीरात शिरते. गर्भवती स्त्रीने वा दमेकऱ्याने ती बाटली हाताळूच नये.