दोष प्राध्यापकांचा नव्हे!

‘प्राध्यापक बदलावयास तयार नाहीत,’ हे वाक्य अलीकडे शिक्षणविषयक व्यासपीठांवरून इतक्या सहजतेने उच्चारले जाते, की त्यात तथ्य किती हे तपासून पाहण्याची कोणास गरजच भासत नाही. निमित्त आहे मिश्र अध्यापनाचे, म्हणजे इंग्रजीत ज्यास ‘ब्लेंडेड लर्निंग’ म्हणतात त्या पद्धतीचे. विषयाचा काही भाग विद्यार्थ्याने संगणकावर वा मोबाइलवर आपल्या सवडीने आधी अभ्यासावा, आणि वर्गातला तास मजकूर उतरवून देण्यात न दवडता शंका, चर्चा व लेखन यांस द्यावा, अशी ही कल्पना. ती मूलतः चांगली आहे, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. पिवळ्या पडलेल्या वहीतून वर्षानुवर्षे तोच मजकूर सांगणारे प्राध्यापक आम्हीही विद्यार्थिदशेत पाहिले आहेत. त्यांची वकिली आम्हास करावयाची नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे 2021 मध्ये या पद्धतीविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. प्रत्येक विषयाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्यास संस्थांना मुभा असावी, असे त्यात सुचविले होते. टाळेबंदीच्या काळात घरातल्या कोपऱ्यात फोन टेकवून जे शिकविणे चालले, ते निरुपायाचे होते. हे मात्र विचारपूर्वक करावयाचे काम. मग ते करणाऱ्यास वेळ कोण देणार? कागदावर टक्के लिहिणे सोपे असते. त्या टक्क्यांमागचे तास मोजावयाची वेळ आली, की सारे मौन धारण करतात!

तासांचा हा हिशेब पाहण्यासारखा आहे. आयोगाच्या 2018 च्या विनियमांत साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्यास 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, असे ठरविले होते. नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के वा अधिक तास घेतले, की मूल्यमापनात ‘चांगला’ हा शेरा. एखाद्या प्राध्यापकाने एक पाठ ध्वनिचित्रमुद्रित केला, त्यावर प्रश्न रचले, रात्री बसून साठ मुलांची उत्तरे वाचली, तर ही मेहनत त्या 16 तासांत कोठे बसते? संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम रचणाऱ्यास त्याच विनियमांनी 20 गुण देऊ केले होते, हे खरे. परंतु ते गुण तयार करून दाखविलेल्या वस्तूचे. आपल्याच वर्गात ती पद्धत रोज राबविणाऱ्याच्या पदरात काय पडते?

अमेरिकेतील अनुभव या बाबतीत बोलका आहे. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या आयडाहो येथील संस्थेत वेंडी पोर्टर व चार्ल्स ग्रॅहम यांनी 214 अध्यापकांची पाहणी केली. ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. अध्यापक ही पद्धत कशाने स्वीकारतील? पुरेशी साधनसामग्री, तांत्रिक अडचणीत मदत करणारा माणूस, शिकविण्याच्या पद्धतीविषयी मार्गदर्शन, पद्धत उपयोगी पडते की नाही याचा पुरावा आणि संस्था ती का आणीत आहे याचा उलगडा, या गोष्टी त्यात अग्रभागी आल्या. म्हणजे प्रश्न एकट्या प्राध्यापकाच्या वृत्तीचा नसून संस्थेच्या वर्तनाचा आहे. हौसेने पुढे धावणारे थोडे लोक कोठेही सापडतात. परंतु बहुसंख्य माणसे पायाखालची जमीन चाचपून मगच पाऊल टाकतात, आणि त्यात गैर ते काय?

उलगड्याचा मुद्दा तर आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात. अशा वेळी ‘आता ऑनलाइन शिकवा’ असा हुकूम आला, की ही जागा न भरण्याची युक्ती तर नव्हे, अशी शंका ऐकणाऱ्यास आली तर त्यास वेडगळ कोण म्हणेल? शंका खरी असो वा खोटी, ती दूर करणे हे हुकूम काढणाऱ्याचे काम आहे.

आणि जे कायम नाहीत त्यांचे काय? कोल्हापूर-सांगलीकडे त्यांस तासिका तत्त्वावरील म्हणतात, बेळगाव-धारवाडकडे अतिथी प्राध्यापक. नाव निराळे, अवस्था एकच! त्यांचे मानधन वर्गातील तासांवर ठरते. पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्यास ठाऊक नाही, त्याने सुटीत बसून पुढील वर्षाचे पाठ मुद्रित करावेत, ही अपेक्षा बाळगणाऱ्यांच्या धैर्याचे कौतुक करावे तितके थोडे. शिवाय खेड्यातून एस.टी.ने येणारी, घरात भावंडांशी मिळून एकच फोन वापरणारी मुलगी तो पाठ कधी ऐकणार, हाही प्रश्न त्याच्याच माथी.

तेव्हा संस्थाचालकांस व प्राचार्यांस आमचे सांगणे आहे. येत्या सत्राचे वेळापत्रक भिंतीवर लावण्यापूर्वी मिश्र अध्यापनाच्या तयारीचे किती तास कार्यभारात धरले, तासिकेवरील माणसास त्याबद्दल काय मिळेल, यंत्र अडले तर कोणाचे दार ठोठवावयाचे, आणि या पद्धतीपायी एकही रिक्त जागा रद्द होणार नाही, हे प्रत्येक अध्यापकास लेखी कळवावे. हे केल्यावरही जो प्राध्यापक हलणार नाही, त्याचा समाचार घेण्यास आमची लेखणी तयार आहे.