ज्या देशात सातबारा नाही

ग्रीनलंडमध्ये घर विकत घेता येते, घराखालची जमीन मात्र नाही. जमिनीची खासगी मालकी तेथे नाहीच. घर बांधायचे तर अर्ज करून जागा वापरण्याची परवानगी घ्यायची. घर आपले, जमीन सर्वांची. बांधावरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात, अशा आपल्या समाजाला याचे नवल वाटेल. पण जेथे वीतभर जमीनही विकता येत नाही, तो सारा देशच विकत मागितला जावा, यापेक्षा मोठे नवल ते कोणते?

ही मागणी जुनीच आहे. १९४६ साली अमेरिकेने ग्रीनलंडसाठी डेन्मार्कला दहा कोटी डॉलरचे सोने देऊ केले होते. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१९ मध्ये हा विषय पुन्हा काढला आणि २०२५ मध्ये तो अधिक आग्रहाने मांडला. उत्तर ध्रुवाजवळची मोक्याची जागा आणि जमिनीच्या पोटातली दुर्मिळ खनिजे, ही त्यामागची उघड कारणे.

या व्यवहारात माणसांचा हिशेब कोणी करायचा? भारताच्या सुमारे दोनतृतीयांश आकाराच्या या बेटाचा ऐंशी टक्के भाग बर्फाखाली आहे आणि वस्ती जेमतेम सत्तावन्न हजारांची. दोन गावांना जोडणारे रस्ते नाहीत. उत्तरेकडे हिवाळ्यात गोठलेला समुद्र हाच रस्ता. त्यावरून कुत्र्यांची घसरगाडी घेऊन शिकारी सीलच्या आणि माशांच्या मागे जातात. आता हा बर्फ उशिरा धरतो, लवकर फुटतो आणि पूर्वीइतका जाड होत नाही. बर्फ वितळला की जहाजांना वाट मिळेल, असे बाहेरच्यांना वाटते. शिकाऱ्याच्या पायाखालचा रस्ताच नाहीसा होतो.

जमीन सर्वांची असली, की ती कोणीही घ्यावी असा अर्थ काढला जातो, याचा कडू अनुभव या लोकांनी घेतला आहे. अमेरिकेच्या थुले येथील हवाई तळासाठी १९५३ साली तेथील इनुइट कुटुंबांना उठवून दूर उत्तरेला कानाक येथे पाठवण्यात आले. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी १९९९ मध्ये माफी मागितली. परंतु २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने परतण्याचा हक्क नाकारला.

तथापि २०२१ साली चित्र वेगळे दिसले. दक्षिणेतील नार्साक गावाजवळ युरेनियम आणि दुर्मिळ खनिजांची मोठी खाण व्हायची होती. निवडणूक याच प्रश्नावर गाजली, खाणीला विरोध करणारा पक्ष सर्वांत मोठा ठरला आणि त्याच वर्षी युरेनियमच्या खाणकामावर कायद्याने बंदी आली. मालकीचा कागद नसलेल्या लोकांनी मतपेटीतून आपला हक्क बजावला.

अर्थात, केवळ मतपेटीने पोट भरत नाही. निर्यातीत कोळंबी आणि मासे यांखेरीज फारसे काही नाही, आणि सरकारी तिजोरीतला सुमारे निम्मा पैसा डेन्मार्कच्या अनुदानातून येतो. २००९ च्या कायद्याने स्वतंत्र होण्याचा अधिकार दिला, पण अनुदान थांबल्यावर शाळा आणि दवाखाने कशावर चालवायचे? खाण नाकारली तर पैसा नाही, स्वीकारली तर चराऊ कुरणे आणि मासळी धोक्यात, असा हा पेच आहे. तो सोडवायचा अधिकार मात्र वॉशिंग्टनचा नाही, कोपनहेगनचाही नाही. तो त्या सत्तावन्न हजारांचा आहे. आणि त्यांना विचार करायला पुरेसा वेळ मिळेल का, हाच आजचा खरा प्रश्न आहे.