न घेतलेल्या कर्जाचा हप्ता

फोन बहुधा लोकलच्या गर्दीत येतो. अंबरनाथ मागे पडलेलं असतं, एका हाताने वरची कडी धरलेली असते आणि पलीकडून हिंदीत दरडावणी सुरू होते: लोन थकलंय, संध्याकाळपर्यंत भरा, नाही तर घरी माणसं येतील, ऑफिसात फोन जाईल. कर्ज तर घेतलेलंच नसतं. तरीही ऐकणारा आवाज खाली आणतो, कारण आजूबाजूचे सगळे रोजचे ओळखीचे. वसुलीवाल्याला हीच लाज हवी असते. मग ‘एकदाचं मिटवून टाकू’ म्हणून दोन-तीन हजार पाठवले जातात. माझं कळकळीचं सांगणं आहे, एक रुपयाही पाठवू नका. पैसे दिले की न घेतलेलं कर्ज आपणच कबूल केल्यासारखं होतं आणि हा माणूस घाबरतो, हे समोरच्याला कळतं.

कर्जाचा खाते क्रमांक विचारा. कोणत्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं, आणि रक्कम कुणाच्या खात्यात जमा झाली, हेही विचारा. डिजिटल कर्जाची रक्कम, थोडे अपवाद सोडले तर, थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही, नातेवाइकांत बदनामीही करता येत नाही. भामटा या प्रश्नांवर शिव्या देतो किंवा फोन ठेवतो.

पण कधी कधी कर्ज खरंच असतं, आपल्या पॅनवर दुसऱ्याच कुणी उचललेलं. २०२२ मध्ये आधी अभिनेत्री सनी लिओनी आणि मग अभिनेता राजकुमार राव यांनी जाहीर तक्रार केली होती, की त्यांच्या पॅनवर अनुक्रमे २,००० आणि २,५०० रुपयांचं कर्ज काढलं गेलं. रक्कम किरकोळ, पण ती थकली की सिबिल स्कोअर कोसळतो. बदलापुरात फ्लॅटचं टोकन देऊन बसलेल्या कुटुंबाला हे गृहकर्ज नाकारल्यावर कळलं, तर त्यांनी काय करायचं?

म्हणून आपला क्रेडिट अहवाल आधीच पाहावा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. अनोळखी कर्ज दिसलं तर तिथेच हरकत नोंदवा, कर्ज देणाऱ्या कंपनीलाही लेखी कळवा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. मला ही रक्कम फारच तोकडी वाटते. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या कंपनीने समोरचा माणूस नीट पडताळला नाही, आणि हेलपाटे मात्र पॅनवाल्याने घालायचे, हा उघड अन्याय आहे.

कागद बाहेर जातात कसे, हे पाहायला लांब जायला नको. उल्हासनगर स्टेशनबाहेर झेरॉक्सच्या दुकानात आपण आधार-पॅन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, दुकानदार प्रिंट काढतो, आपण सुटे देऊन गाडी पकडतो. दोन्ही फाइली त्याच्या कॉम्प्युटरवर तशाच राहतात. तो प्रामाणिक असेलही, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात कितीजण बसतात! समोर उभं राहून फाइल पुसायला सांगा, यात संकोच कसला? जिथे चालतं तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क्ड आधार द्या, आणि प्रतीवर आडवं लिहा: ‘फक्त भाडेकरारासाठी’, तारीख, सही. अशाच कागदांवर सिमकार्डही काढता येतं; आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत, हे ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर दिसतं. तेही पाहून ठेवा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. गेले नसले तरी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पुढे बँकेशी किंवा सिबिलशी भांडताना तोच कागद कामाला येतो.